सोनचाफ्याची साल

सोसायटीत गाड्यांसाठी जागा हवी म्हणून आवारातला सोनचाफा तोडायचं ठरलं, पण महापालिकेने परवानगी दिली नाही. मुळांसकट उचलून कुंपणाशी लावा, नाही जगला तर नवी झाडं लावून ती जगवा, असं बजावलं. आपल्याच आवारातल्या झाडाबद्दल दुसऱ्यांनी सांगावं, याचा मला रागच आला होता.

फांद्या छाटलेला सोनचाफा कुंपणाशी नुसता खांबासारखा उभा राहिला. मग जो तो जाता-येता नखाने त्याची साल खरवडून बघू लागला. “आत हिरवा आहे हो अजून!” तळमजल्यावरच्या देसाईकाकू खिडकीतून सांगायच्या. इतकी वर्षं आम्ही आकडीने त्याची फुलं ओढून देवाला वाहिली. पण तो कसा आहे, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. आता सगळ्यांच्या काळजीने त्याचं खोड ओरखड्यांनी भरून गेलं.

आज सकाळी काकूंनी मला हाक मारून वर बघायला सांगितलं. शेंड्याला पोपटी पालवी फुटली होती, आमच्यापैकी कुणाचाच हात पोचणार नाही अशा ठिकाणी. केवढं हायसं वाटलं! सवयीने मी नख खोडाकडे नेलं.

“आता पुरे,” काकू म्हणाल्या. “जगू द्या त्याला.”