बायोडेटातलं भगदाड

माझ्या बायोडेटात दोन वर्षं आठ महिन्यांचं भगदाड आहे. त्याच्या अलीकडे पुण्यातल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर काढलेली सात वर्षं, पलीकडे कोरा कागद. मुलाखत घेणारा कितीही मठ्ठ असला तरी त्याचं बोट नेमकं भगदाडापाशी येऊन थांबतं. सात वर्षांत मी काय केलं याच्याशी कुणालाच देणंघेणं नसतं.

खरं कारण साधं होतं. बाबा कोकमाच्या झाडावरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले. आमचं गाव रामनगरहून गणेशगुडीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून दोन मैल आत, जंगलात. आई बाबांना भरवू शकते, पुसू शकते, त्यांच्या शिव्या खाऊ शकते. उचलू मात्र शकत नाही. सकाळी त्यांना खाटेवरून खुर्चीत आणि संध्याकाळी खुर्चीवरून खाटेवर न्यायला गडी माणूस लागतो. तो गडी मी. आठ दिवसांची रजा टाकून आलो आणि राहिलोच.

पण हे सांगायचं नाही, असं मला शहाण्या लोकांनी बजावलं होतं. हुबळीतल्या चुलतभावाचं म्हणणं, गॅपला गॅप म्हणायचंच नाही, 'स्वतःचा शोध घेत होतो' म्हणायचं. मी कुठे हरवलो होतो की शोध घ्यावा? मी विहिरीवर बाबांची चादर पिळत होतो. तरी एका मुलाखतीत मी ते वाक्य म्हणून बघितलं. समोरच्यानं विचारलं, "मग काय सापडलं?"  दुसऱ्या ठिकाणी स्पर्धा परीक्षा दिल्या म्हटलं, तर बाईंनी लगेच कुठल्या, किती गुण, असं खोदायला सुरुवात केली. तिसरी मुलाखत फोनवरची. गावात रेंज नाही, म्हणून कॅसलरॉक स्टेशनच्या बाकावर इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. 'वैयक्तिक कारण' एवढंच म्हणालो. पलीकडचा गृहस्थ हळूच म्हणाला, "पोलीस केस वगैरे नाही ना?" तेवढ्यात मालगाडी आली आणि माझं 'नाही' तिच्या धडधडाटात गेलं.

शेवटी वैतागून बेळगावात खरं सांगितलं. आईबाबांना तिथेच खोली करून ठेवावं, असा मनसुबा होता. टाय लावलेल्या माणसानं मान हलवली आणि विचारलं, "आता कसे आहेत वडील?" त्याला काय ऐकायचंय ते मला कळलं. आहेत तसेच आहेत म्हटलं तर हा माणूस उद्या रजा मागणार, परवा पळून जाणार. म्हणजे ही नोकरी मिळायची तर बाबांनी मरायला हवं होतं. आणि मी सांगून टाकलं, "वारले."

त्यानं सॉरी म्हटलं, पाणी मागवलं आणि पुढच्या फेरीची तारीख दिली. मी बाबांना असं एसीत बसून मारलं. घरी आलो तर बाबा खुर्चीत बसून कोंबड्यांना शिव्या घालत होते. "मिळाली काय रं नोकरी?" म्हणाले. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. पुढच्या फेरीला मी गेलो नाही. आजही ते आठवलं की मला माझी शिसारी येते.

त्यानंतर गणेशगुडीच्या एका लॉजची जाहिरात दिसली. नदीवर राफ्टिंगला येणाऱ्या पाहुण्यांसाठी रिसेप्शनवर माणूस हवा होता. आमच्या फाट्यावरून सरळ बस. साठवलेले पैसे संपले होते; ही नोकरी गेली असती तर पुण्याला परत जाण्यावाचून इलाज नव्हता, आणि मग बाबांना उचलणार कोण? अर्जात एक रकाना होता: मागच्या तीन वर्षांत तुमचं काम पाहिलेल्या दोन व्यक्ती. मी थापा मारून दमलो होतो. वरल्या घरातल्या आप्पांचा नंबर दिला आणि त्यांच्या भावजयीचाही. 

कारण काम मी खरंच केलं होतं. दुपारभर आई बाबांजवळ असायची, तेव्हा मी लोकांच्या शेतात जायचो, पैऱ्यानं. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, याला पैरा म्हणतात. त्यात मजुरी नसते, दिवसाला दिवस. आपल्याला येणारा दिवस तिसऱ्याला देऊनही टाकता येतो; माझ्याऐवजी त्याच्याकडे जा, एवढं सांगितलं की झालं. आमचं शेत जंगलाला लागून, गवे आणि डुकरं काही ठेवत नाहीत, म्हणून मी ते पडीकच टाकलं होतं. त्यामुळे मी सगळ्यांकडे जात राहिलो आणि माझ्याकडे कुणाला बोलावलंच नाही.

मुलाखतीला मॅनेजरबाई होत्या, दांडेलीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. त्यांनीही बोट बरोबर भगदाडावर ठेवलं. पण पुढे म्हणाल्या, "काल मी तुमच्या आप्पांना फोन केला. दिवसभर लावत होते, ते बाजारात आले तेव्हा लागला. ते म्हणतात तुम्ही पुष्कळ काम केलंय आणि अख्खं गाव तुमचं देणं लागतंय. पगार थकवतात काय हो ते?"

मी पैरा काय ते सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर वॉचमन ओरडला. खिडकीतून बघतो तर आप्पा, त्यांची भावजय आणि आणखी सहा जण, प्रत्येकाच्या हातात विळा. राफ्टिंगला आलेले चार पाहुणे लाइफ जॅकेट घालून भिंतीला चिकटले होते.

आप्पा सरळ आत आले. "बाई, भात कुठं हाय तुमचं?"

"कसलं भात?"

"कापायचं. तुमी फोन केला न्हवं, पोरगं आता तुमच्याकडं हाय म्हणून? म्हंजे त्येचं दिवस तुमाला दिल्यात की त्येनं. सुगीचा टाईम, म्हटलं लवकर फेडून टाकू."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना पैरा समजावला. एवढ्या वेळात बाहेर आप्पांच्या भावजयीला भात सापडलं नव्हतं, म्हणून ती लॉजचं लॉन कापायला बसली होती. माळी तिच्या विनवण्या करत होता.

बाई खळखळून हसल्या, पण बाई पक्क्या होत्या. म्हणाल्या, "माणूस तुम्ही मला पसंत आहात. पण पाहुण्यांचा चहा सहाला. सकाळी साडेपाचला इथे पाहिजे. जमेल?"

साडेपाचला बाबा झोपलेले असतात. त्यांना उठवून, पुसून, खुर्चीत बसवेपर्यंत सात वाजतात. मी नाही म्हणालो. आणि मला स्वतःचा भयंकर राग आला.

"एवढे दिवस साठवलेत," बाई म्हणाल्या, "त्यातले वापरले का नाहीत?"

मग मी जे सांगितलं ते आईलाही कधी सांगितलं नव्हतं. म्हटलं, शिक्षण आणि नोकरी धरून मी दहा वर्षं गावाबाहेर होतो. कुणाच्या बारशाला नाही, कुणाच्या मयताला नाही. उद्या बाबा गेले तर त्यांना उचलायला कोण येणार? तेव्हा माणसं कमी पडू नयेत म्हणून ते दिवस राखून ठेवलेत.

 आप्पांनी विळा टेबलावर आपटला. फुलदाणी हलली.

"येड्या भोकाच्या," ते म्हणाले, "मयताला कुठं पैरा असतोय? त्याला समदा गाव येतोय, न बोलवता. तुझा बा मेल्यावर आमी काय दिवस मोजून यायचो व्हय? अरं, मेलेल्याला उचलायची चिंता तुला, आन् जित्याला एकटाच उचलतोस? एकदा तरी हाक मारलीस? दोन पावलांवर घर हाय माझं!"

 मला रडू आलं ते बाईंच्या समोरच, बायोडेटावर. आप्पा बाईंकडे वळले. "सकाळचं आमी बघतो. तुमी लिवा त्येचं नाव. साडेपाच तर साडेपाच."

पहिल्या तारखेला मी अंधारातच निघालो. फाट्यापर्यंत नेणारी एका दूधवाल्याची मोटारसायकल ठरवली होती, ती अंगणाबाहेर उभी होती. पहिला दिवस म्हणून बाबाही लवकर जागे झाले होते. आप्पा आणि त्यांचा भाऊ डोक्याला टॉवेल गुंडाळून घरात शिरत होते. मी गाडीवर बसलो न बसलो तोच आतून बाबांचा आवाज आला. आप्पांच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता, काखेत हात घालायचीही अक्कल नाही म्हणून. आप्पाही काही कमी नव्हते. दूधवाला हसायला लागला. पार वळण घेईपर्यंत दोघं एकमेकांना शिव्या देताना मला ऐकू येत होते, आणि बाबांना इतक्या जोरात ओरडताना मी फार दिवसांनी ऐकत होतो.