रबरी चपला
पाण्याची मोटार जळाल्याचा वास आला की, प्रवेशाचा फॉर्म भरायला गेलो होतो ते आयटीआयचं ऑफिसच मला आठवतं बघा. त्याच उन्हाळ्यात धानोऱ्याला आमच्या विहिरीवर मोठा भाऊ शॉक लागून गेला होता. मोटारीत करंट उतरलाय का, ते आमच्याकडे सगळे उलट्या हातानं बघायचे, त्यानंही तसंच बघितलं, पण अनवाणी, चिखलात उभं राहून. फॉर्म भरताना आबा, म्हणजे माझे वडील, तिथल्या कारकुनाला म्हणाले, “साहेब, फिटर लिखा. मन्हा एक पोऱ्या इजमा गया शे.” एक पोरगा विजेत गेल्यावर दुसऱ्याला त्यांना विजेपासून लांब ठेवायचं होतं. कारकुनानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “इलेक्ट्रिशियन.” परतताना आबांनी बाजारात माझ्या मापाच्या रबरी चपला घेतल्या. “ह्या घालीसनच हात लावजो.” अजूनही मोटार उघडण्याआधी मी आधी पायाकडे बघतो.