शुक्रवारचं नेट

रेचल पनवेलकरांनी निवृत्त होईपर्यंत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून दिले. आता स्वतःच्या हातातला फोन मात्र त्यांना जुमानत नसे. नवऱ्याला, एझरांना, अर्धांगाचा झटका आल्यापासून रेचलबाईंचा सगळा दिवस त्यांना उठवण्यात, पुसण्यात, भरवण्यात आणि कूस बदलून देण्यात जायचा. अंग इतकं मोडून यायचं की स्वतःचं ताट वाढून घेतलं तरी जेवावंसं वाटत नसे. चिडायचंही त्राण उरलं नव्हतं, आणि चिडणार तरी कोणावर?

एझरांची वाचा गेली होती. फक्त शुक्रवारी त्यांच्यात जीव आल्यासारखा वाटे, कारण त्या दिवशी मिखालचा फोन यायचा. त्यांची ही एकुलती एक लेक इस्रायलमध्ये एका म्हातारीची देखभाल करायची. म्हातारीचा डोळा लागला की मिखाल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करी. इकडून उठसूट फोन करायची सोय नव्हती. म्हातारीची झोप मोडली तर मिखालच्या नोकरीवर गदा. आणि पनवेलमध्ये शुक्रवारी संध्याकाळी एकदा शब्बाथचे, म्हणजे ज्यूंच्या विश्रामवाराचे, दिवे लागले, की शनिवारी आकाशात तारे दिसेपर्यंत या घरात फोनला हात लावायचा नाही. जे काय बोलायचं ते दिवे लागायच्या आत. एझरा आठवडाभर ओठ हलवून लेकीचं नाव जुळवायचे. 'मि' निघायचं, पुढे गाडी अडायची.

त्यात ऐन वेळी नेट संपायचं. मिखालचा चेहरा बोलता बोलता थिजायचा आणि एझरा त्या थिजलेल्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. शेवटी समोरच्या ब्लॉकमधल्या निशाने फोन चाळून पाहिला. सिनेगॉगच्या ग्रुपवरची फुलं, शुभेच्छा, लग्नाचे व्हिडिओ, सगळं आपोआप उतरत होतं. शिवाय न उघडलेली ॲपही मागच्या मागे डेटा खात होती. निशाने फोटो उतरणं बंद करून दिलं, ॲपचं मागचं खाणं कुठे बंद करायचं तेही दाखवलं, आणि करंजाला माहेरी जायचं होतं म्हणून घाईने निघून गेली.

रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला तर ज्या बाईचा जीव खालीवर होतो, तिच्या हाती हे कोलीत आलं. रेचलबाईंनी नेटाने एकेक ॲप उघडून बॅकग्राउंड डेटा बंद केला. व्हॉट्सॲप सगळ्यांत खादाड निघालं, म्हणून त्याची मुस्कटदाबी आधी केली. उघडल्यावर चालतं ना, मग झालं. कितीतरी महिन्यांनी एक काम हातावेगळं झाल्याचं त्यांना बरं वाटलं.

शुक्रवारी त्यांनी एझरांची दाढी केली, त्यांना इस्त्रीचा सदरा घातला, डोक्यावर किप्प्याची छोटी गोल टोपी ठेवली आणि उशांना टेकवून बसवलं. वाजेपर्यंत फोन समोरच्या स्टुलावर उभा केला. मधेच व्हॉट्सॲप उघडून बघावंसं वाटलं. पण उगाच नेट कशाला घालवा, म्हणून त्यांनी हात आवरला.

फोन वाजलाच नाही. ऊन खिडकीवरून उतरलं. रेचलबाई दिव्यात तेल घालायला उठल्या, तेव्हा मागून आवाज आला.

"मिखाल."

काळ्या पडद्याकडे बघत एझरांनी लेकीचं नाव अख्खं उच्चारलं होतं. मग पुन्हा एकदा, थोडं मोठ्याने. रेचलबाईंना भरून आलं आणि लगेच लेकीचा रागही आला. तिला काम असेल, असं नवऱ्याला समजावून त्यांनी दिवे लावले. खरं तर त्या इतक्या दमल्या होत्या, की आज फोन धरून उभं राहावं लागलं नाही याचं मनातून थोडं हायसंच वाटलं.

शनिवारी तारे दिसल्यावर त्यांनी व्हॉट्सॲप उघडलं. मिखालचे कॉल एकाखाली एक येऊन पडले, सगळे काल दिवे लागायच्या आधीचे. त्याखाली निरोप: आई, उचलत का नाहीस? बाबा बरे आहेत ना? मागचं नेट तोडल्यामुळे व्हॉट्सॲप उघडल्याशिवाय कॉल वाजणारच नव्हते, हे रेचलबाईंना आत्ता कळलं. म्हातारीच्या झोपेची पर्वा न करता त्यांनी फोन लावला आणि एझरांच्या तोंडासमोर धरला.

एझरांनी लेकीकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे वळवली.

"अहो, एकदा म्हणा ना," रेचलबाई म्हणाल्या. "काल म्हणालात तसं."

"काल बाबा बोलले?" मिखालने विचारलं. "कोणाशी?"

रेचलबाई पलंगाच्या कडेवर बसल्या.

"तुझ्याशीच," त्या म्हणाल्या. "तू फोन करत होतीस, आणि तो मीच मुका करून ठेवला होता."