चिक्कूकाकूची दोरी

इमारतीत तिला सगळे चिक्कूकाकू म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. "चिक्कू तर चिक्कू! कुणाच्या दारात हात पसरायला तर गेले नाही ना?" असं म्हणून ती भाजी धुतलेलं पाणी कुंडीत ओतायची. जुन्या चादरीची उशीची खोळ, खोळीचं फडकं, फडक्याचं पायपुसणं. तिच्या घरातून कापड बाहेर पडायचं ते चिंधी होऊनच. खोलीत माणूस नसेल तर दिवा बंद, बाजारात पायी, आणि कपडे वाळणार ते गॅलरीतल्या दोरीवर, उन्हात. हसणारे खुशाल हसोत. लाँड्रीत जन्मभर दुसऱ्यांच्या कपड्यांना इस्त्री करून या बाईने मुलाला शिकवलं, आणि तिसऱ्या मजल्यावरचं हे घर घेताना पहिली रक्कम तिच्याच गाठीची होती. ती कुणाला सांगायला गेली नाही. मुलाला मात्र माहीत होतं.

हा मुलगा आता इमारतीचा सेक्रेटरी झाला होता. इमारतीला नवा रंग लागला आणि अध्यक्षांच्या डोक्यात खूळ शिरलं, की समोरच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे दिसता कामा नयेत. घरांच्या किमती पडतात म्हणे! तळघरात कपडे वाळवायचं मशीन आलं. पैसे टाका, कपडे काढा. ठराव झाला: गॅलरीत दोरी, तार, दांडी, स्टँड, काही चालणार नाही. खाली सही सेक्रेटरीची.

"डोक्यावर ऊन फुकट पडतंय आणि मी तळघरात जाऊन विजेचे पैसे भरू?" काकू कडाडली. "मला काय वेड लागलंय?"

"आई, पैसे मी देतो ना."

"तू दे नाहीतर तुझा अध्यक्ष देवो. ऊन जे काम करतंय, त्याला वीज कशाला जाळायची?"

"लोक हसतात गं मला. सेक्रेटरीच्याच घरी नियम मोडतात म्हणतात."

"मला जन्मभर हसले. मेले नाही मी."

सुनेची अवस्था इकडे आड तिकडे विहीर. ती हळूच म्हणाली, "आई, आतल्या खोलीत पंख्याखाली वाळत घालूया का?"

"म्हणजे पुन्हा वीजच!"

एकेक करून सगळ्या गॅलऱ्या ओक्याबोक्या झाल्या. फक्त काकूचे टॉवेल वाऱ्यावर फडफडत राहिले, आणि अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबत राहिल्या.

एका रविवारी अध्यक्ष कुणा नवराबायकोला रिकामं घर दाखवायला आणणार होते. काकू न्हाणीघरात चादरी धूत असताना मुलाने गुपचूप दोरी काढायला घेतली. तिने मारलेल्या गाठी त्याला सुटेनात, तेव्हा त्याने स्वयंपाकघरातली सुरी आणून दोरीच कापली. काकू बादली घेऊन आली तर दोन हुकांना दोन तुकडे लोंबत होते.

तिला राग आला. त्याहून जास्त वाईट वाटलं. ज्याच्यासाठी उभा जन्म पै पै वाचवली, त्याचाच हात दोरीवर चालावा! पण रडेल ती काकू कसली.

"ठरावात काय काय लिहिलंय रे?"

"दोरी, तार, दांडी, स्टँड," तो खालमानेने म्हणाला.

"आई लिहिलंय का?"

त्याला काही कळेना. तिने बादलीतली चादर पिळली, दोन्ही हातांत दोन टोकं धरली आणि हात फाकवून गॅलरीत उन्हाला उभी राहिली. तो धावत खाली गेला, अध्यक्षांना फाटकातच गाठून दुसऱ्या वाटेने न्यायला. पण ते पाहुण्यांना घेऊन अंगणात येऊन पोहोचले होते.

"काकू, हे काय चाललंय?" त्यांनी खालून विचारलं.

"चादर वाळतेय!"

"दोरी काढलीत ना?"

"काढली. म्हणून तर मी उभी आहे!"

गॅलऱ्यांत माणसं जमली. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते हेच," शेजारीण म्हणाली. पण ओली चादर जड असते. काकूचे हात भरून आले होते, मनगटांवरून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि एकटीने धरल्यामुळे चादर मध्ये लोंबत होती. तरी तिने हात खाली घेतले नाहीत.

"सेक्रेटरी, आवरा तुमच्या मातोश्रींना," अध्यक्ष दात ओठ खात म्हणाले.

मुलगा जिना चढून वर गेला. आता हा तिला ओढून आत नेणार, असं सगळ्यांना वाटलं. तो गॅलरीत आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. लहानपणी चादर पिळताना दुसरं टोक त्याच्याच हातात असायचं.

"आण इकडे, हे टोक मी धरतो," तो म्हणाला.

काकूने त्याच्याकडे पाहिलंही नाही. टोक मात्र सोडलं. "मागे सरक. झोळ पडलाय."

तो गॅलरीच्या पार कडेपर्यंत मागे सरकला आणि चादर ताणली गेली.

"अहो सेक्रेटरी!" खालून हाक आली.

"दुसरा बघा," तो वरून ओरडला. "माझे हात गुंतलेत."

"बादलीत अजून दोन आहेत," काकू म्हणाली.