कोऱ्या सहा ओळी

आनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लक्ष्मीपुरीतल्या माझ्या छापखान्यात एका गिऱ्हाइकाला सांगत होतो की, आमच्या आजोबांनी म्हशीच्या पाठीवर बसून पंचगंगेचा पूर पार केला, तोही हातातल्या कपातला चहा न सांडता. फोन ठेवला. गिऱ्हाईक म्हणालं, "मग? फुडं?" पुढचं मला आठवेना… सात आठवडे झाले, अजून आठवत नाही.

आनंदा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे भरणारा. वितळल्या लोखंडापुढं उभं राहून चेहरा असा तापलेला, की त्यावर पापड भाजावा. पाळी सुटली की तडक माझ्याकडे, काखेत वाचनालयाचा महाभारताचा खंड. मी लोकांना सांगायचो, ह्याला हस्तिनापूरहून खुलासे विचारणारी पत्रं येतात. पण त्याचं सगळं वाचन एकाच जागी अडकलेलं. लाखेचं घर पेटतं, पांडव आईला घेऊन भुयारातून निसटतात, आणि आत जेवायला आलेली एक निषाद बाई आपल्या पाच पोरांसकट जळून मरते. सहा प्रेतं सापडली, लोकांना वाटलं पांडवच गेले. पुढं एवढं मोठं युद्ध होतं, पण त्या सहांची नावं कुणी विचारत नाही.

नव्वदच्या दशकातली एक दुपार. आनंदा आला आणि म्हणाला, "पत्रिका छापायची हाय. पुण्यानुमोदनाची." बौद्ध घरांत माणूस गेल्यावर होणाऱ्या ह्या कार्यक्रमाच्या पत्रिका मी ढिगानं छापल्यात, मृताच्या नावाआधीचा 'कालकथित' हा शब्द माझे खिळे आपण होऊन जुळतात.

"कालकथित कोण?"

"ती सहा जणं."

मी असा हसलो, की टाऊन हॉलच्या झाडांवरची वटवाघळं उडाली असतील. "नावं सांग की मर्दा! बिननावाची पत्रिका असती व्हय?"

तो हसला नाही. खिशातून पिवळं पडलेलं कात्रण काढलं. मुरगूडकडच्या रानात खोपटांना लागलेली आग, आणि मृतांत 'एक मजूर स्त्री'.

"आई माजी," तो म्हणाला. "जळालेल्या बैलांच्या धन्याचं नाव हाय बघ त्यात."

मी यंत्राला तेल घालायचं नाटक केलं. दुसरं काय करणार…

त्यानंतर दहाएक वर्षं तो नावं शोधत राहिला. पोथीवाले, प्राध्यापक, जुन्या आवृत्त्या, टिपांच्या टिपा. एक प्राध्यापक म्हणाले, "अहो, कथेला त्यांच्या नावाची गरज नाही." त्या दिवशी आनंदा जेवला नाही. मग मूत्रपिंडं गेली. दवाखान्यात भेटायला गेलो, तर मनगट माझ्या अंगठ्याएवढं. म्हणाला, "थापाड्या, जल्मभर थापा मारल्यास. सहा नावं मार की. मी खरी मानतो."

मी तोंड उघडलं. आजोबांना म्हशीवरून पूर पार करवणारा मी… एक नाव सुचेना. भलतं नाव द्यायचं म्हणजे त्या बाईला पुन्हा जाळायचं, असं वाटलं. म्हणालो, "उद्या आणतो." सकाळी तो फोन आला.

त्याची पत्रिका मीच छापली. कालकथित आनंदा, त्याखाली त्याच्या आईचं नाव, आणि त्याखाली त्याची बायको सुमनवहिनी म्हणाल्या म्हणून सहा ओळी कोऱ्या. कार्यक्रमात एकानं टोकलंच, "पावणं, छपाई चुकली की!" मी काय ते सांगितलं. मागं बसलेली एक म्हातारी उठली, कोऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हितं जागा हाय न्हवं? मग माज्या पोरीचं लिवा. तिचं बी कुटं छापून आलं न्हाई." मी लिहिलं. तिच्यामागं आणखी एक उभी राहिली. मग एक म्हातारा. मग रांगच.

ती पत्रिका छापखान्यात भिंतीला लावलीय. ओळी कधीच भरल्या, समास भरले, पाठची बाजूही भरली. एरवी मी सहाचे साठ करून सांगतो. ही नावं मोजायचं धाडस मात्र मला अजून झालेलं नाही.