चारही सिलिंडर सारखे

हिराताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मार्व्याच्या जेट्टीवर बर्फवाल्याशी भांडत होते. भांडण तिथेच टाकून फेरीत बसले... ती असती तर म्हणाली असती, आधी बर्फ घे.

हिराताई माझी थोरली नणंद. नवरा वारल्यावर ती मनोरीला माहेरी परतली आणि आमच्या बोटीचं डिझेल इंजिन तिने ताब्यात घेतलं. शोकसभेत गावच्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांनी तिचा सोशिकपणा सांगितला, तिच्या हातच्या कालवणाचीही आठवण काढली. इंजिनाबद्दल एक शब्द नाही. मी उठणारच होते, नवऱ्याने हात धरून बसवलं. म्हणून हे इथे लिहिते आहे.

पहिल्यांदा तिने नोझल बदलली तेव्हा फसली, तेही लिहिते. सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारतं ते नोझल. नवी आहेत म्हणजे बरोबरच असणार, असं धरून तिने चारही बसवली. बोट खाडीच्या तोंडाशी गेली आणि इंजिन इतकं हादरलं की फळ्या वाजायला लागल्या. दुसऱ्या बोटीने ओढून आणावी लागली. किनाऱ्यावर जाळी विणत बसलेल्या बाप्यांना हसायला विषय मिळाला. शेजारचे रामाकाका म्हणाले, "हिरे, ती शिलाई मशीन नाय."

"मशीनच हाय ना, काका? मग ऐकेल."

मालाडला इंजिनाचे डिझेल-पंप दुरुस्त करणारा होता, त्याने नोझल ठेवून जा म्हटलं. ती हलेना. मग मी घासाघीस केली... पैशांची नाही, काम तिच्यासमोर करायची. दाब तपासायच्या त्याच्या हातपंपावर दिसलं की एक नोझल लवकर उघडतं, एक उशिरा, एक थेंब गाळतं. गळणारं मी भांडून बदलून घेतलं. बाकीच्यांत स्प्रिंगवर पातळ चकत्या घालून, काढून, चारही एकाच दाबाला उघडतील अशी तिने स्वतः जुळवली. बोटीवर परत बसवल्यावर इंजिन चालू ठेवून ती एकेका सिलिंडरच्या डिझेल-नळीचा नट जरासा ढिला करून त्याचं डिझेल तोडी आणि कान देई. आवाज पडला तर तो सिलिंडर कामाचा. नाही पडला तर, तिच्या भाषेत, जावई. "एक बसून खातो, बाकीचे हादरतात," म्हणायची.

तिचं कार्य आटोपताच अध्यक्षांचा भाचा बोट विकत मागायला आला. "आता इंजिन कोण बघणार, वहिनी? देऊन टाका." इंजिन खरंच अडखळायला लागलं होतं, नवराही डगमगला होता. मी भाच्याला नंतर ये म्हटलं, नोझल उतरवली आणि ती जुळवायला मालाड गाठलं.

तो परत आला तेव्हा मी इंजिन चालू केलं आणि त्याच्यासमोर एकेक नट ढिला करून घट्ट केला. चारही वेळा आवाज सारखाच पडला, सारखाच सावरला. मेकॅनिक कुठला आणला, त्याने विचारलं.

"मीच. हिराताईने शिकवलेली. बोट विकायची नाय."

तो घुटमळला. त्याचीही बोट हादरत होती, सगळ्या किनाऱ्याला ऐकू येत होतं. बघाल का, म्हणाला.

"बघीन ना. पण सभेत बोलायचं राहिलं ते तुझ्या मामांनी आधी चारचौघांत बोलायचं. त्यात एक अक्षर कमी करणार नाय मी."

मामा अजून बोललेले नाहीत. भाच्याची बोट अजून हादरते. आमची रोज जाते. हिराताईचा पाना पडवीतल्या खिळ्याला आहे, डिझेलचा वास अजून गेलेला नाही. तो पाना मी कुणालाही उसना देत नाही.