वेन-शूने आणलेला पांढरा शंख

आमच्या दासी नावाच्या बंदरात खोल पाण्यात जाणाऱ्या बोटी दुपारी परततात. तळ खरवडत आलेल्या जाळ्यात लाल कोळंबीबरोबर चिखल, दगड आणि शंखही येतात. कोळंबी निवडणाऱ्या आम्ही बायका ते शंख भिरकावून द्यायचो. माझ्या शेजारी बसणारी हाय-थांग वहिनी मात्र ते एप्रनच्या खिशात टाकायची. घरी जुन्या ब्रशने चिखल काढून भिंगाखाली धरायची. वेढे कसे चढलेत, तोंडाची कड जाड की पातळ, अंगावर रेघा की बरगड्या, हे बघत पुस्तकं चाळायची. अडलं तर कीलुंग शहरातल्या संग्रहालयात शंखांचा अभ्यास करणाऱ्या च्यान बाईंना फोन करायची.

तिचा एकुलता एक मुलगा वेन-शू अशाच एका बोटीवर खलाशी होता. एकदा त्याने नखाएवढा पांढरा शंख आईच्या हातावर ठेवला.

"घे. असला तुझ्याकडे नाही."

"तुला रे काय कळतंय त्यातलं?"

"तुझं शंखांचं सगळं कपाट पाठ आहे मला! तुझ्या सुनेला दागिन्यांऐवजी शंखच मिळणार बघ."

"आधी सून तर आण, मेल्या!"

आम्ही सगळ्या हसलो. पुढच्याच खेपेला ईशान्येचा वारा उठला. जाळं ओढताना लाट डेकवर चढली आणि वेन-शूला घेऊन गेली. बोटी शोधत फिरल्या. काहीच हाती लागलं नाही. पुजारी किनाऱ्यावर घंटा वाजवत त्याच्या आत्म्याला बोलावत होता. त्याचा बाप आ-खुन गुडघाभर पाण्यात उभा राहून ओरडत होता, "चल रे घरी, जेवायला चल!"

त्यानंतर वहिनी त्या एका शंखाच्याच मागे लागली. कंगव्याच्या दातांसारख्या बरगड्या, टोकाला किंचित गुलाबी झाक. कुठल्याच पुस्तकात तो सापडेना. च्यान बाईंनीही खूप शोधलं. "नवी जात दिसते," त्या म्हणाल्या. "आणखी एखादा मिळाला असता तर बरं होतं. पण लेख लिहूया. जातीला नाव तुम्हीच सुचवा."

वहिनीने मुलाचं नाव सुचवलं. मुलगा गेल्यापासून मुका झालेला आ-खुन त्या दिवशी बंदरभर सांगत सुटला, "आमच्या पोराचं नाव राहणार आता!" पितरांपुढे उदबत्ती लावून त्यांनाही सांगून आला.

लेख छापायला जाणार होता, तेवढ्यात माझ्या टोपलीत एक तपकिरी शंख आला. गुळगुळीत, मुठीएवढा, रोजच्या ओळखीचा. तरी मी तो वहिनीला दिला. या जातीच्या मोठ्या शंखांचं टोक चिखलात झिजून गेलेलं असतं. याचं शाबूत होतं. तिने ते अंगठ्याने पुसलं आणि काम अर्धवट टाकून घरी गेली.

संध्याकाळी मी सूप घेऊन गेले, तर दोन्ही शंख भिंगाखाली होते.

"बघ गं. टोकाजवळचे वेढे बघ."

त्याच बरगड्या, तीच गुलाबी झाक.

"नवी जात नाहीच ही. शंख टोकापासून वाढत जातो ना, आपला पांढरा म्हणजे याचंच लहानपण."

आ-खुन दारात उभा होता. "हा दुसरा समुद्रात फेकून दे. कोण विचारतंय?"

"अहो, उद्या आणखी एक येईल. मग कुणीतरी परका त्याचं नाव खोडेल. त्यापेक्षा आपणच खोडू."

तिने फोन केला. च्यान बाई दुसऱ्या दिवशी स्वतः आल्या आणि त्यांनी दोन्ही शंख भिंगाखाली पाहिले. लेख मागे घेतला.

आ-खुनने तिच्याशी बोलणं टाकलं. ताट घेऊन उंबऱ्यावर जेवायचा. एकदा आम्हा सगळ्यांदेखत म्हणाला, "एकदा समुद्राने नेला, एकदा हिने." वहिनी खाली मान घालून कोळंबी निवडत राहिली.

छिंगमिंगच्या सणाला सगळे आपापल्या माणसांची थडगी झाडायला गेले. यांना झाडायला थडगंच नव्हतं. आ-खुनने कपाटातून पांढरा शंख काढला आणि तो बोटीवर चढला. वहिनीने पाहिलं, अडवलं नाही. दुपारी तो रिकाम्या हाताने परतला.

"ठेवला त्याच्याजवळ."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि तिने भात वाढला.

तेव्हापासून दोघं पुन्हा एका टेबलाशी जेवतात. वेन-शूचं नाव मात्र त्या घरात मी पुन्हा ऐकलं नाही.